बरेसाहेबांचं मानपत्र

कलावंत येतात आणि जातात. काळाच्या चाळणीत काय उरावं, हे ठरवतो तो समीक्षक. हे वाक्य समीक्षकाने स्वतःच रचलं होतं आणि न्हाणीघराच्या आरशासमोर, अर्ध्या गालाला फेस लावून, तो ते म्हणून बघत होता. तो काळाच्या चाळणीशी पोचला तेवढ्यात बाहेरून बायको म्हणाली, "अहो, चाळणी ओट्यावरच आहे. आधी तो गिझर बंद करा."

सांस्कृतिक मंडळाने त्याला निर्भीड वृत्तपत्रीय समीक्षेचा पुरस्कार जाहीर केला होता. एका जुन्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत तो नाटकं, मैफली आणि चित्रप्रदर्शनं यांच्यावर लिहीत असे, तेही केस काळे होते तेव्हापासून. 'निर्भीड' हा शब्द मंडळाला कुठे सापडला, हे त्यालाही कळलं नव्हतं. त्याने कधी कुणाला झोडपलं नव्हतं. नाटक पडेल असलं की तो नेपथ्यावर लिही. पार पडेल असलं की नाट्यगृहाच्या खुर्च्यांवर लिही. आणि नाटक चांगलं असलं की परीक्षणाच्या शेवटी फक्त तीन शब्द लिही : नाटक बरं आहे.

त्याच्या वरची पायरीच त्याने ठेवली नव्हती. 'अप्रतिम', 'काळजाला हात घालणारं' वगैरे शब्द इतरांनी वापरून वापरून त्यांचं पोतेरं केलं आहे, असं त्याचं म्हणणं. परिणाम असा झाला, की त्याच्या 'बरं'ला भाव आला. नाटकवाले त्या 'बरं'साठी जिवाचं रान करत आणि मिळालं की जाहिरातीत मोठ्या टायपात छापत. त्याच्या पाठीमागे त्याला सगळे बरेसाहेब म्हणत. तोंडावर नुसतं साहेब.

घरीही तोच न्याय. लग्न ठरताना घरच्यांनी विचारलं होतं, मुलगी कशी वाटली? तो म्हणाला होता, "बरी आहे." हे मुलीच्या कानावर गेलं. मुलगी पुढे दातांची डॉक्टर झाली, दोघांचा संसारही उत्तम झाला, पण ते वाक्य तिने दाढेतल्या फटीसारखं जपून ठेवलं होतं. अधूनमधून जीभ तिथे जायचीच.

तर गोम अशी, की पुरस्काराबरोबर मानपत्र होतं. मानपत्र भर सभेत वाचतात आणि त्यात विशेषणं असतात. जन्मभर दुसऱ्याला विशेषण न देणाऱ्या या माणसाला स्वतःसाठी मात्र एक हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. 'साक्षेपी' चाललं असतं. 'व्यासंगी'लाही त्याने नाही म्हटलं नसतं. डोळा 'थोर'वर होता, पण हे त्याने आरशालाही सांगितलं नव्हतं.

आणि मग गुरुवारी संपादकांनी त्याला केबिनमध्ये बोलावून पेढा द्यावा तशी बातमी दिली. "तुमचं मानपत्र तात्या लिहिणार आहेत."

तात्या म्हणजे दिग्दर्शक. शहरातला सर्वात मोठा. उभ्या हयातीत त्याने जेवढी नाटकं बसवली त्या सगळ्यांना समीक्षकाने 'बरं' दिलं होतं. एकालाही कमी नाही, एकालाही जास्त नाही.

"तात्याच का?" समीक्षकाने विचारलं.

"मंडळाला तुमचं सगळं लिखाण वाचलेला माणूस हवा होता."

"तुम्ही वाचलंय की."

"मीही तेच म्हटलं," संपादक म्हणाले, "पण त्यांनी उलट दोन प्रश्न विचारले."

तात्याच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग शुक्रवारी होता. परीक्षण छापून यायचं रविवारी सकाळी. आणि सत्कार रविवारी संध्याकाळी. म्हणजे एका हाताने द्यावं आणि दुसऱ्या हाताने घ्यावं, अशी सोय दैवाने स्वतः होऊन करून ठेवली होती.

"मला प्रामाणिक राहणं जड जाणार आहे," शुक्रवारी नाटकाला निघताना तो बायकोला म्हणाला.

"माझे पेशंटही असंच म्हणतात," ती म्हणाली. "खुर्चीत बसले की उघडतात तोंड. चला."

नाटक होतं बंद पडलेल्या लिफ्टमधल्या सासऱ्या-जावयाचं. दोन अंक, दोन माणसं, एक लिफ्ट. सासरा आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त करून निवृत्त झालेला. बिघाड त्याला पहिल्याच मिनिटात समजतो. बोटभर तार सरळ केली की लिफ्ट चालू होणार असते. पण जावई घाबरून बोलायला लागतो, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच सासऱ्याशी मोकळेपणी बोलायला लागतो. म्हणून सासरा तार तशीच मुठीत धरून बसतो. प्रेक्षकांना ती मूठ दिसते, जावयाला दिसत नाही.

समीक्षक पेन्सिल घेऊन बसला होता. पहिल्या अंकातच ती हातातून निसटली, घरंगळत पुढच्या रांगेखाली गेली, आणि त्याने ती शोधली नाही. शेवटी सासरा "बघू का मी जरा?" एवढंच म्हणतो, तेव्हा समीक्षकाने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

बाहेर आल्यावर बायकोने विचारलं, "काय मग? बरं?"

"बरं नाही," तो म्हणाला.

तिने रस्त्यातच त्याच्या कपाळाला हात लावून बघितला.

"तसं नव्हे गं. बरं नाही म्हणजे... बऱ्याच्या पुढचं आहे. फार पुढचं."

"मग तसं लिहा."

"आणि परवा तोच माणूस माझं मानपत्र वाचणार. लोक म्हणतील, अहो रूपम् अहो ध्वनिः. इतक्या वर्षांत नाही निघाला चांगला शब्द, तो नेमका सत्काराच्या दिवशी निघाला."

"मग 'बरं' लिहा."

"ते खोटं होईल."

"मग नेपथ्यावर लिहा," ती म्हणाली. "नाहीतरी एक लिफ्टच होती."

शनिवारी दुपारी तो कचेरीत बसला. लेख सरळ उतरला. अडला तो शेवटच्या ओळीला. 'नाटक' लिहून झालं, पुढे गाडी जाईना. त्याने तीन वेळा चहा मागवला. 'बरं' लिहिलं तर उद्या निर्भीड म्हणून सत्कार होणार, आणि ते लिहिलेलं असणार भीतीने. हा विचार डोक्यात आला तेव्हा त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याने डोळे मिटून, थंड पाण्यात उडी मारावी तसं टाइप केलं : नाटक उत्तम आहे. पाठवून दिलं. कान गरम झाले होते.

घरी गेल्यावर त्याने बायकोला सांगितलं. संध्याकाळी तिने भाजीत मीठ बरोबर पडलंय का, हे त्याला विचारलं. हा प्रश्न तिने कित्येक वर्षांत विचारला नव्हता. "उत्तम," तो म्हणाला. जीभ एकदा सैल झाली की झालीच.

रविवारी सकाळी त्याने दारातच पुरवणी उघडली. लेख जसाच्या तसा होता. शेवटची ओळ होती : नाटक बरं आहे.

त्याने उपसंपादिकेला फोन लावला. पुरवणीची पानं तीच लावत असे. त्याचं अक्षर न् अक्षर तिच्या हाताखालून जाई.

"सर, अभिनंदन," ती म्हणाली. "आणि काळजी करू नका, मी पकडलं."

"काय पकडलं?"

"तुमच्या लेखात शेवटी 'उत्तम' पडलं होतं. मी म्हटलं, सत्काराच्या गडबडीत झालं असेल. आजच्या दिवशी असं छापून आलं असतं तर केवढी शोभा झाली असती. मी तिथल्या तिथे दुरुस्त केलं. आता थँक्यू वगैरे म्हणू नका."

"थँक्यू," समीक्षक सवयीने म्हणाला आणि फोन ठेवून खुर्चीत बसला.

त्याला राग आला होता. पण रागाच्या तळाशी एक बारीकशी सुटकाही होती, आणि खरा राग त्या सुटकेचा होता. बायकोने पुरवणी वाचली, त्याचं तोंड वाचलं. "आता?"

"आता संध्याकाळी तात्याला आधीच गाठतो आणि सांगून टाकतो."

पण तात्या दिग्दर्शक. प्रवेश कधी घ्यायचा हे त्याला कळत होतं. सभागृह भरलं, फुलांचे गुच्छ झाले, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं गेलं, ते कुठून धरायचं यावर थोडी झटापट झाली, आणि मग तात्या विंगेतून आला तो थेट मायकपाशी. हातात चौकटीत बसवलेलं मानपत्र.

सुरुवात नेहमीसारखीच होती. आपण अमुक, आपण तमुक, आपल्या लेखणीने या नगरीच्या रंगभूमीला वगैरे. समीक्षक खाली मान घालून एकेक शब्द वेचत होता. विशेषण अजून एकही आलं नव्हतं. मग तात्या थांबला.

"इथे एक सांगतो," तो सभेला म्हणाला. "पुढचं वाक्य आहे, 'आपले लेखन अमुक आहे.' या 'अमुक'च्या जागी मी आठवडाभर काही लिहिलं नाही. जागा रिकामी सोडली. म्हटलं, रविवारी साहेब माझ्या नाटकाला जो शब्द देतील, तोच मी त्यांना देणार. उत्तम म्हणाले तर उत्तम. त्यांनी विकलं जायचं ठरवलं असतं, तर आज भाव चांगला होता. सकाळी मी पुरवणी उघडली ती थेट शेवटच्या ओळीवर. पण गडी हलला नाही." आणि त्याने वाचलं, "आपले लेखन बरे आहे."

सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. समीक्षकाने चौकटीत पाहिलं. सुरेख वळणदार अक्षरात तो शब्द होता. मानपत्राची भाषा शुद्ध, त्यामुळे अनुस्वार जाऊन मात्रा आली होती. एवढीच काय ती बढती.

मग त्याला बोलायला उभं केलं. काळाच्या चाळणीचं भाषण खिशात होतं, ते खिशातच राहिलं.

"मी 'उत्तम' लिहिलं होतं," तो म्हणाला.

सभा जी हसली, ती त्या संध्याकाळची सर्वात मोठी दाद. पहिल्या रांगेत संपादक तर डोळे पुसत होते.

"खरंच सांगतो. शनिवारी लिहिलं. कचेरीत कुणीतरी दुरुस्त केलं."

आता लोक खुर्च्यांचे हात बडवायला लागले. असला खुसखुशीत विनोद साहेबांना जमतो, हे कुणाला माहीतच नव्हतं. फक्त दोघी हसत नव्हत्या. एक बायको. दुसरी तिसऱ्या रांगेतली उपसंपादिका. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तात्याचं लक्ष तिच्याकडे गेलं. माणसांच्या चेहऱ्यावरच त्याचं पोट होतं.

सभा पांगल्यावर त्याने विंगेत तिला गाठलं. समीक्षक आणि त्याची बायकोही तिथेच उभी होती. "पोरी, काय भानगड आहे?"

"तात्या, मला वाटलं चूक आहे," ती म्हणाली. "एवढी वर्षं सरांनी कधी... मला खरंच वाटलं चूक आहे. मी उद्याच्या अंकात शुद्धिपत्र टाकते. 'बरं'च्या जागी 'उत्तम' वाचावे."

तात्या एका ठोकळ्यावर बसला.

"अजिबात टाकू नकोस," तो म्हणाला. "'बरं'वर पुढच्या दोन रविवारचे प्रयोग भरलेत. 'उत्तम' म्हटलं की पब्लिकला वाटतं, नाटक जड असणार." मग तो समीक्षकाकडे वळला. "पण साहेब, इथे तोंडी म्हणा एकदा."

"उत्तम होतं," समीक्षक म्हणाला. "ती मूठ, तात्या. ती मूठ मला झोपू देईना."

"पुन्हा म्हणा."

"उत्तम होतं रे."

"आता पुरे. सवय लागायची." तात्याने नाक ओढलं आणि चौकटीकडे हात केला. "मग हे बदलून देतो. शब्दाला शब्द, ठरलं होतं माझं. मागची पट्टी काढली की कागद निघतो."

समीक्षकाने चौकट छातीशी धरली. 'थोर' नाही, 'व्यासंगी' नाही. "राहू दे," तो म्हणाला. "छापून आलेलं तेच खरं. आणि माझ्याशिवाय हा शब्द आजवर कुणी कुणाला मनापासून दिलेला नाही."

"मला दिला होता, लग्न ठरताना," मागून बायको म्हणाली. "मनापासून होता होय? आधी सांगायचं."

घरी परतताना त्याने तिला विचारलं, "भाषण कसं झालं?"

"बरं झालं," ती म्हणाली. मग चार पावलं गेल्यावर म्हणाली, "चांगल्या अर्थाने."

मानपत्र आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे, चाळणीच्या शेजारी. बैठकीच्या खोलीची भिंत काँक्रीटची आहे, तिथे खिळा जात नाही. स्वयंपाकघरात एक आधीपासूनच होता.