पुढच्या डब्यात बसा

आमच्या ह्यांना गाडीबद्दल कोणी काही सांगायला गेलं की नाकाला मिरच्या झोंबतात. सगळी नोकरी रेल्वेत गार्ड म्हणून झाली, त्यामुळे जगातल्या झाडून सगळ्या गाड्या ह्यांच्याच शिट्टीवर हलतात असा समज. लग्न झाल्यापासून मी तो ऐकत आलेय. कधी हसले, कधी कपाळावर हात मारून घेतला. माणूस वाईट नाही, पण एकदा म्हणाला ना, की मला कळतं, मग देव खाली उतरला तरी ऐकायचा नाही.

त्या परक्या देशात विमानतळावर उतरलो तेव्हा आमची ठकी दवाखान्यात यंत्रावर होती. ठकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी, नवऱ्याबरोबर तिकडेच राहायची. सायकलवरून पडली आणि डोक्याला मार लागला. मेंदू गेलाय, आता काही होणार नाही, असं डॉक्टरांनी जावयांना स्पष्ट सांगितलं होतं. आपलं काळीज, मूत्रपिंडं, जे कामाला येईल ते दुसऱ्यांना द्या, असं ठकीनं स्वतःच कधीतरी लिहून दिलेलं. म्हणून दुपारी तिला ऑपरेशनला नेणार होते. तोपर्यंत यंत्र चालू ठेवणार, तोपर्यंत तिची छाती वरखाली होणार, तोपर्यंत हात गरम राहणार. मला दुसरं काही नको होतं. पोरीचा गरम हात एकदा हातात घ्यायचा होता.

दवाखाना होता लांबच्या गावात, आणि तिथे जायला आगगाडीच बरी. जावई म्हणाले होते, ऑफिसातला एक मित्र पाठवतो, तो तुम्हाला घेऊन येईल. तर ह्यांनी फोनवरच उडवून लावलं. मला गाडीत बसवायला माणूस लागतो का, म्हणे. मग जावयांनी आमच्यासाठी सगळं फोनवर रेकॉर्ड करून पाठवलं. आम्ही बाकावर बसून ते ऐकलं. तिकीट यंत्रातून काढा. गाडीत चढायच्या आधी फलाटावरच्या छोट्या पेटीत घालून त्यावर शिक्का उमटवा, नाहीतर दंड होतो. डब्याचं दार आपणहून उघडत नाही, हिरवं बटण दाबा. बाहेर पडेपर्यंत तिकीट टाकू नका. आणि पुढच्या डब्यात बसा. एवढं झाल्यावर त्यांचा आवाज फाटला आणि बोलणं तिथेच संपलं. पोरगं दोन दिवस झोपलेलं नाही, बायको समोर तशी पडलेली, आणि सासू-सासऱ्यांना दाराचं बटण कसं दाबायचं ते सांगतंय. मला भडभडून आलं.

ह्यांनी सगळं शिस्तीत केलं, खोटं कशाला बोलू. तिकिटं काढली, शिक्के मारले, फलाटावरच्या पाटीवर गावाचं नाव आणि गाडीचा नंबर दोनदा जुळवून पाहिला. गाडी उभीच होती. आणि मग बॅग ओढत चालायला लागले ते थेट मागे.

मी म्हटलं, "अहो, जावई पुढे बसा म्हणालेत."

"उतरल्यावर जिना जवळ पडावा म्हणून म्हणाला तो. म्हातारे समजतो आपल्याला. चल."

गार्डाची जागा शेवटच्या डब्यात. सगळ्या नोकरीत हे तिथेच बसले, आणि रिटायर झाल्यावरही कुठे निघालो की ह्यांना शेवटचाच डबा लागतो. पुढे ह्यांचा जीव रमत नाही. सगळी गाडी आपल्या नजरेपुढे असली की बरं वाटतं, असं म्हणतात. मी एरवी भांडले असते. पण शेवटचा डबा जवळजवळ रिकामा होता, आणि मला कोणाच्या नजरा नको होत्या. गुपचूप जाऊन बसले.

समोर एक फिरायला आलेलं जोडपं होतं. नकाशा मांडीवर पसरून काहीतरी खात होते आणि खिदळत होते. मला त्यांचा राग आला. का येऊ नये? माझी पोर तिकडे पडलीये आणि ह्या दोघांना डोंगर बघायचेत.

बराच वेळ गेल्यावर वरच्या कर्ण्यातून बाई काहीतरी बोलायला लागली. चांगलं लांबलचक बोलली, मग दुसऱ्या भाषेत पुन्हा बोलली. आम्हाला दोन्ही भाषा सारख्याच, एक अक्षर कळेना. हे म्हणाले, पुढच्या स्टेशनचं नाव सांगतायत. तेवढ्यात त्या जोडप्यानं नकाशा गुंडाळला, पाठीवर पिशव्या चढवल्या आणि डब्यातून पुढच्या डब्यात निघाले. जाताना ती बाई आमच्यापाशी थांबली, हसली, आणि हातानं पुढे पुढे असं काहीतरी दाखवलं. ह्यांनी मोठ्या अदबीनं मान हलवली. ती गेल्यावर मला म्हणाले, त्यांचं स्टेशन आलं वाटतं, निरोप घेत होती.

गाडी एका जंक्शनात थांबली. थोड्या वेळानं खालून धडधड झाली आणि डब्याला झटका बसला. हे सावरून बसले. इंजिन बदलतायत, म्हणाले, असाच झटका बसतो. डबे जोडणारं कपलिंग कसं सुटतं आणि कसं बसतं ते मला समजावून सांगायला लागले. दोन दिवस कामापुरतंच बोलत होते, आता आवाजात जरा जीव आला होता. मीही हं हं करत राहिले. म्हटलं बोलू देत, तेवढंच मन हलकं होईल.

गाडी सुटली. पुढे मोठं वळण आलं आणि सवयीनं ह्यांनी काचेला गाल टेकवून पुढे पाहिलं. वळणावर सगळी गाडी दिसते ना, गार्ड तेवढं बघतोच. हे बघत राहिले. मग उठून दुसऱ्या खिडकीशी गेले, परत आले. चेहरा पांढराफटक.

"पुढचे डबे नाहीत," म्हणाले.

मला आधी कळेचना. डबे नाहीत म्हणजे काय, डबे काय उडून जातात? तेवढ्यात तिकीट तपासनीस बाई आली. तिनं तिकीट पाहिलं, गावाचं नाव वाचलं आणि आमच्याकडे पाहतच राहिली. मग दोन्ही तळवे जोडून दाखवले आणि हळूहळू लांब केले. एक हात एकीकडे, दुसरा भलतीकडे. तिकडे म्हणे अशाच गाड्या असतात, निम्म्या एका गावाला, निम्म्या दुसऱ्या. पुढचे डबे ठकीच्या गावाला गेले होते आणि आम्ही उलट्या दिशेला चाललो होतो. मध्ये कुठे थांबतही नव्हती मेली.

मी जावयांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, डॉक्टरांशी बोलतो. फोन परत आला तेव्हा रडत होते. म्हणाले, तिकडे दुसऱ्या दवाखान्यांत अवयव मिळणारी माणसं टेबलावर घेतलीयेत, थांबता येत नाही म्हणतात. आई, मी फोन तिच्या कानाशी धरतो, तुम्ही बोला.

तिला ऐकू जात नव्हतं हे मला ठाऊक होतं. तरी बोलले. काय बोलले ते कोणाला सांगणार नाही. मग फोन ह्यांच्या हातात दिला. हे तो कानाला लावून बसले. पलीकडून यंत्राचा आवाज येत असावा, कारण हे डोळे मिटून काहीतरी ऐकत होते. मग त्यांनी फोन खाली ठेवला, आणि मी त्यांना नको नको ते बोलले. तुमच्या त्या शेवटच्या डब्याला आग लागो, म्हटलं. माझ्या पोरीला मला शेवटचं शिवू दिलं नाहीत तुम्ही. त्यांनी मान वर केली नाही. मला आजही एक शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

आम्ही उतरलो, उलटी गाडी पकडली, पहिल्याच डब्यात बसलो आणि पोचलो तेव्हा दिवे लागले होते. जावई दवाखान्याच्या दारात उभे होते. काही विचारलं नाही, रागावले नाहीत, माझ्या हातातली पिशवी घेतली. ठकीला स्वच्छ करून पांढऱ्या चादरीत ठेवलं होतं. केस कोणीतरी नीट विंचरले होते. मी हात धरला. गार होता. मी चोळला, दोन्ही हातांत धरून चोळत बसले. जावयांनी शेवटी माझा हात सोडवला.

बाहेर बाकावर बसलो होतो तर वन्संचा फोन आला. ह्यांची थोरली बहीण, ठकीला अंगाखांद्यावर खेळवलेली. रडत रडत विचारत होत्या, भेट झाली का गं, वेळेवर पोचलात का? सगळ्या वाटेत मी मनाशी ठरवलं होतं, सगळ्या नातलगांना सांगणार, एकेकाला फोन करून सांगणार ह्यांनी काय केलं ते. तोंड उघडलं आणि निघालं, "नाही हो वन्सं. गाडीच लेट झाली. आमचं नशीब."

ह्यांनी हात पुढे केला आणि फोन माझ्याकडून घेतला.

"अक्का, गाडी वेळेवर होती," म्हणाले. "मी चुकीच्या डब्यात बसवलं."

फोन तसाच माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड करून बसले. खांदे हलत होते. वन्सं पलीकडून विचारत होत्या, काय म्हणतोय तो, अगं काय म्हणतोय?

मी फोन कानाला लावला. म्हटलं, "त्यांचं डोकं ठिकाणावर नाही, वन्सं. गाडीच लेट होती."