हात बदलला, डोळा तोच

मी एक जुना काळा चमचा आहे. पण माझ्याने आजवर कुणी घासभरही खाल्लेलं नाही. साच्यातून बाहेर पडलो तेव्हा कारखान्यातला कामगार मला उलटसुलट करून म्हणाला होता, "हा कसला चमचा? याला तर खोलगटपणाच नाही!" मला तेव्हा फार वाईट वाटलं. पुढे कळलं, मी डोळा झाकायचा चमचा आहे.

मित्रांनो, डॉक्टर नजर तपासतात तेव्हा एक डोळा माझ्याआड ठेवायचा आणि दुसऱ्याने समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायची. डोळेझाक हाच माझा धंदा, तरी माझ्याइतका संशयी तुम्हाला शोधून सापडणार नाही. का म्हणून विचारता? अहो, माझ्याआड काय काय चालतं ते मलाच ठाऊक. कुणी मला नाकापासून जरासा दूर धरतो आणि फटीतून बघतो. कुणी बोटं फाकवतो. चेहरा मात्र असा साळसूद, जणू त्या गावचाच नाही.

माझ्या दवाखान्यात ड्रायव्हर फार येतात. एका मालकाची गाडी सोडून दुसऱ्याकडे जायचं तर तपासणी नव्याने करावी लागते. सुरुवातीला माझा मान मोठा होता. सिस्टरबाई मला दर माणसानंतर पुसायच्या, खिळ्याला टांगायच्या. मग गर्दी वाढली. माझी कड झिजली, दांड्याला चीर गेली, मी टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पडून राहू लागलो. डॉक्टरही मान खाली घालून लिहीत लिहीतच विचारू लागले, "वाचा. पुढे? बरं."

अशाच एका सकाळी एक मिशाळ ड्रायव्हर आला. सोबत बायको होती. वर्षानुवर्षं मालाचे ट्रक हाकून आता तो शाळेच्या बसवर लागणार होता.

"मागच्या मालकाकडे दरवर्षी पास होतोय, डॉक्टर. पुन्हा कशाला?" तो हसत म्हणाला.

"मालक नवा, गाडी नवी, तपासणी नवी. बसा. आधी उजवा झाका."

माणूस तपासणीआधीच आपल्या पास होण्याच्या गोष्टी सांगू लागला, की समजावं, पाणी कुठंतरी मुरतंय. मी कान टवकारले. उजव्या हाताने त्याने मला उजव्या डोळ्यावर धरलं. फट नाही, बोटं नाहीत. पापणीवर एक बारीक चामखीळ होती, ती तेवढी मला टोचली. त्याने अक्षरं घडाघडा वाचली. तिकडे बाकावर बायकोचे ओठ हलत होते. हं! म्हणजे ही उत्तरं सांगतेय तर. नवरा-बायको दोघेही सामील!

"आता डावा," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले.

त्याने मला डाव्या हातात घेतलं, तोंड थोडं वळवलं, हात नाकावरून पलीकडे नेला आणि मला डोळ्यावर ठेवलं. पुन्हा तीच चामखीळ!

हात बदलला होता, डोळा तोच होता. चांगल्या डोळ्यानेच तो दुसऱ्यांदा वाचत होता. डॉक्टरांना हात बदललेला दिसला, तेवढ्यावर त्यांचं समाधान झालं. माझा जीव कासावीस झाला. शाळेची बस, आत चिल्लीपिल्ली, आणि एका बाजूला अंधार! पण चमच्याला कुठलं तोंड?

"छान. झालं तुमचं," डॉक्टर म्हणाले.

"नाही झालं." बायको उभी राहिली. "डॉक्टर, यांनी हात बदलला. डोळा नाही बदलला."

"अगं, गप्प बस ना!" ड्रायव्हर ओरडला. "रोज संध्याकाळी घरी याल, हीच नोकरी घ्या, म्हणून तूच मागे लागली होतीस ना?"

"लागले होते. आत्ताही मघापासून तोंडाशी येत होतं, पण म्हटलं, तुम्हीच सांगाल." ती त्याच्याकडे वळली. "घरी तुम्ही चहा कपाबाहेर ओतता, मी मुकाट्याने पुसते. रस्त्यावर कोण पुसणार, अहो?"

डॉक्टर ओशाळले. ते उठले आणि कितीतरी दिवसांनी मला स्वतःच्या हातात घेतलं. ड्रायव्हरचा डावा डोळा माझ्याआड गेला.

"सगळ्यात वरचं, मोठं अक्षर वाचा."

त्याने मान पुढे काढली, तिरकी केली. मग तो हळूच म्हणाला, "तिथं... अक्षर आहे का?"

मोतीबिंदू होता. ऑपरेशन करून, डोळा बरा झाल्यावर परत या, असं डॉक्टरांनी सांगितलं. आज मात्र नापास. "तोवर बसवरची जागा राहील का?" ड्रायव्हरने विचारलं. डॉक्टरांनी ऑपरेशनची चिठ्ठी लिहून त्याच्या हातात दिली. दोघं उठली. जिन्याशी ती आपसूक त्याच्या उजव्या बाजूला झाली, आणि त्याने चिडून का होईना, तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ऑपरेशन होईतो बसवरची ती जागा राहिली नाही. दुसऱ्या शाळेची मिळाली, म्हणून तो पुन्हा माझ्यासमोर आला. डॉक्टर आता लिहिणं थांबवून माणसाकडे बघतात, मला स्वतः धरतात. त्याने शेवटच्या ओळीपर्यंत अक्षरं वाचली. मी लगेच विश्वास ठेवला असं समजू नका! पापणी नीट चाचपली. चामखीळ नव्हती. म्हणजे तो खरंच ऑपरेशन झालेल्या उजव्या डोळ्याने वाचत होता. चिरलेल्या दांड्यातही तेव्हा माझी छाती फुगली.

मित्रांनो, मला पुसून खिळ्याला टांगलंत तर मी अजून पुष्कळ वर्षं काम करीन. पण माझ्यावर सगळं सोपवू नका, मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. घरात कुणाचा चहा रोज कपाबाहेर सांडत असेल, तर तो नुसता पुसून टाकू नका. विचारा.