पुलापलीकडचे रुग्ण

विहिरीभोवती पाय ठेवायला जागा नव्हती. बादल्या, कळशा, बाटल्या आणि मधोमध खुर्चीवर पाणीबाबा. "शहरभर कॉलरा, आणि आपल्या वस्तीत शून्य," तो सांगत होता. "मी नाही, सरकारी फळा सांगतोय. माझी नजर पडलेलं पाणी पिऊनही जो आजारी पडेल, त्याच्या मनात पाप समजा." झालं! घरात कोणी आजारी पडलं की लोक त्याला गुपचूप बाहेर काढत आणि शेजाऱ्यांनी विचारलं तर बाहेरगावी गेलेत म्हणत.

फळा मात्र सरकारीच होता, हीच पंचाईत. शहराच्या आरोग्य कार्यालयातली डॉक्टर त्यावर प्रत्येक वस्तीतल्या रुग्णांचा आकडा रोज स्वतः लिहायची. तिचा थोरला भाऊ त्याच वस्तीत राहायचा. मध्यंतरी त्याचा फोन आला होता.

"काय डॉक्टरीणबाई, पाणी उकळायचं की नाही? तुझी वहिनी गॅस जाळून वैतागलीय."

"उकळ रे दादा. तसा तुमच्याकडे एकही रुग्ण नाही म्हणा."

दादाने त्यातलं सोयीचं तेवढं ऐकलं.

आज वहिनीचा फोन आला. "ताई, यांना पुलापलीकडच्या दवाखान्यात आणलंय. लवकर या."

पुलापलीकडे शहराची हद्द संपून जिल्हा आरोग्य कार्यालयाची सुरू व्हायची. वस्तीला तोच दवाखाना जवळ. वॉर्डात शिरताच डॉक्टरला ओळखीचे चेहरे दिसू लागले. दादाच्या शेजारची शिंपीण, कोपऱ्यावरचा दुकानदार, खाटेखाटेवर त्याच वस्तीतली माणसं. दादा शेवटच्या खाटेवर होता. चादर तोंडावरून ओढलेली होती.

तिला रडूही येईना. "आम्हाला का नाही कळवलंत?" तिने तिथल्या डॉक्टरांना विचारलं.

"आम्ही आमच्या वरच्या कार्यालयाला रोज कळवतो. ते तुम्हाला कळवत असतील असं वाटलं." त्यांनी मान खाली घातली. "तुम्हीही कधी विचारलं नाहीत."

खरंच होतं. शहर फक्त शहरातल्या दवाखान्यांतले रुग्ण मोजत होतं. आजारी माणूस पूल ओलांडून गेला की शहराच्या लेखी तो आजारीच नव्हता. बाबाचा चमत्कार तो एवढाच, आणि तोही दोन कार्यालयांनी फुकट करून दिलेला.

दोन्ही डॉक्टरांनी मिळून वस्तीतली विहीर तपासली. शेजारचं फुटकं गटार तिच्यात झिरपत होतं.

"शून्य तर बाईंनीच लिहिलंय," बाबा गर्दीला म्हणाला.

"मीच लिहिलं, आणि ते चुकलं," डॉक्टर म्हणाली. "तुमचे बाहेरगावी गेलेले शेजारी पुलापलीकडे सलाईन लावून पडलेत. आजार लपवू नका. त्यात पाप नाही, जंतू आहेत. पाणी उकळून प्या. आता मी आणि पलीकडचे हे डॉक्टर एकमेकांना रोज रुग्ण कळवू."

 मग एका म्हातारीने कळशी खाली ठेवली. "पण बाळ, तुझे दादा तर कामाला बाहेरगावी गेलेत ना? वहिनी म्हणाली सकाळी."

"नाही आजी," डॉक्टर म्हणाली. "माझा दादा गेला. हेच पाणी पिऊन गेला."