वेदीवर न्यायच्या वस्तू

आमचे आजोबा, लॉर्कन गेरटी, चौऱ्याण्णवाव्या वर्षी एकदाचे गेले. एकदाचे म्हणते, कारण साठी उलटल्यापासून दर हिवाळ्यात ते "हा माझा शेवटचा नाताळ" असं जाहीर करायचे आणि त्या जोरावर टर्कीची मोठी तंगडी ताटात पाडून घ्यायचे. आम्हीही दर वर्षी फसायचो. फार लाडके होते, त्याला काय करणार?

पुढच्या खोलीत शवपेटीत ते सूट घालून पडले होते आणि आयर्लंडमधलं आमचं अख्खं रॉसकॉमन आमच्याकडे चहा नि हॅमची सँडविचेस चापत होतं.

"छान दिसतोय हं," शेजारचा पीडर पेटीत डोकावून म्हणाला. "जिवंतपणी असा कधी दिसला नाही."

याच पीडरला आजोबांनी आंधळी घोडी विकली होती. वर तिला सांभाळायचं कसं हे शिकवायला आठवडाभर त्याच्याकडेच जेवले. आता पीडर मोठमोठ्याने हुंदके देत होता आणि मधूनच घोडीची आठवण येऊन शिव्याही.

दुसऱ्या दिवशी चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा होती. आमच्याकडे मिस्सेत घरचे लोक गेलेल्या माणसाच्या आवडीच्या वस्तू एकेक करून वेदीपाशी नेतात आणि फादर माइकवरून त्यांचा अर्थ सांगतात. आमच्या आत्राक्ता आत्याने स्वयंपाकघरात उभ्याउभ्या कामं वाटून टाकली. बाबांनी आजोबांची हर्लिंग खेळायची काठी न्यायची, मी त्यांच्या शर्यतीच्या कुत्रीचा पट्टा, ती स्वतः टोपी.

"आणि बिअरचा डबा," बाबा म्हणाले.

"फादर नाही म्हणालेत."

"का? येशूने पाण्याची दारू केली ती चालते, आणि आमच्या म्हाताऱ्याचा एक डबा चालत नाही?"

"फिंटन, तोंड आवर."

कोपऱ्यातून नोरीन आजी म्हणाली, "आणि मी काय नेऊ?"

"तू काही नको नेऊस आई. तू पुढच्या बाकावर शांत बस."

 नंतर आम्ही दोघी कप विसळत होतो, तेव्हा ती म्हणाली, "साठ वर्षांत मला एकदाही 'तू आवडतेस' म्हणाला नाही गं. कुत्रीला रोज म्हणायचा. ऐकलंय मी."

मी हसले. ती हसली नाही.

"काठी, पट्टा, टोपी," ती म्हणाली. "त्याच्या आवडीच्या वस्तू. यात मी कुठे आहे?"

मला आजोबांचा असा राग आला की तडक पुढच्या खोलीत जाऊन मी त्यांना चांगलं खडसावलं. त्यांनी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं.

सकाळी चर्च गच्च भरलं होतं. आम्ही रांगेने वस्तू नेऊन वेदीजवळच्या टेबलावर ठेवल्या. फादर डोलन तरुण होते, गावात नवे होते. काठी म्हणजे खेळावरचं प्रेम, पट्टा म्हणजे मुक्या जिवांवरचं प्रेम, टोपी म्हणजे साधेपणा. साधेपणा ऐकून पीडरला ठसका लागला.

फादर पुढची प्रार्थना सुरू करणार, एवढ्यात आजी बाकावरून उठली. बाकांचा आधार घेत, एकटीच, वेदीकडे निघाली. आत्याने तिचा कोट धरायला हात घातला, पण तो हुकला. आजी टेबलापाशी जाऊन उभी राहिली. हातात काहीच नव्हतं.

"नोरीन," फादर हळूच म्हणाले, पण माइक चालू होता. "तुम्ही काय आणलंत?"

"मला आणलंय," आजी म्हणाली. "आवडीच्या वस्तू मांडताय ना? मग मलाही मांडा. तो बोलला नाही, म्हणून काय झालं?"

 मग पीडर मोठ्याने म्हणाला, "बरोबर आहे बाई तुझं! घोडीच्या वेळीही तो अर्धंच बोलला होता!" आणि छत उडेल इतकं हसू फुटलं. फादरही हसले. आजी मात्र हसता हसता रडायला लागली आणि मग मीही.

आत्याने मुकाट्याने एक खुर्ची उचलून आणली आणि टेबलाला लावून ठेवली. मिस्सा संपेपर्यंत आजी तिथेच बसली होती, कुत्रीच्या पट्ट्याशेजारी, ताठ मानेने.