कोरी कुपी

"मावशी, असं पुसट नको. ठसठशीत लावा, फोटोत दिसलं पाहिजे," तनुजा मॅडम मोबाइल सरसावून म्हणाल्या.

पंचफुलाबाईंनी नव्या मायक्रोवेव्ह यंत्राला कुंकवाची पाच बोटं ओढली. मग ओळीने मांडलेल्या कुप्यांच्या झाकणांनाही एकेक बोट लावलं. नांदेडच्या त्या कॉलेजात हळदीतलं शिसं तपासायचं काम चाले. आजवर हळद उघड्या भांड्यात ॲसिड ओतून उकळायची आणि तो पिवळा धूर पंचफुलाबाईंच्या छातीत जायचा. आता हळद बंद कुपीत तापणार, ॲसिड चमचाभर, धुराचं नाव नाही. बाईंना त्या यंत्राचं इतकं कौतुक, की नारळ त्यांनी पदरचा आणला होता.

पण यंत्र आल्यावर दोन मदतनिसांचं काम एकीवर येणार होतं. ती एक कोण, हे आज तपासणी समिती गेल्यावर ठरायचं होतं. बाईंचा नवरा सुदाम लकव्याने खाटेला खिळलेला. त्याच्या गोळ्या आणि भाकरी, दोन्ही याच नोकरीवर चालत.

पूजा उरकल्यावर बाईंनी झाकणं पदराने पुसून लख्ख केली. दुपारी समितीसमोर कुप्या यंत्रात गेल्या. एका कुपीत मुद्दाम हळद घातलीच नव्हती, नुसतं ॲसिड. या कोऱ्या कुपीत शिसं शून्य यायला हवं. पलीकडच्या, शिसं मोजणाऱ्या यंत्राने तिच्यातही आकडा दाखवला आणि समितीतले अमरनाथ सर हसले.

"मॅडम, तुमच्या ॲसिडात शिसं पिकतं काय?"

तनुजा मॅडमनी झाकण उलटं करून पाहिलं. खाचेत लाल रेघ राहिली होती. बाजारच्या कुंकवात शिशासकट काय काय मिसळतात, ते त्यांना तोंडपाठ होतं. सकाळी फोटोच्या नादात तेवढं आठवलं नव्हतं.

"या मावशींचं काम, सर. हजारदा सांगितलं, आत कुंकूबिंकू आणू नका. ऐकतील तर शपथ."

"अवो म्याडम, तुमीच म्हनलात की, ठसठशीत लावा म्हून!"

"मी?" मॅडम समितीकडे बघून हसल्या. समितीही हसली. शिकल्यासवरल्या माणसांना एकमेकांचं हसू बरोबर कळतं.

"आपण कुप्या धुऊन पुन्हा लावू, सर. मावशी, आधी ते कपाळ पुसा. तुमचा हात सारखा तिकडं जातो."

"म्याडम, मालक जिता हाय माजा."

"मग राहू द्या. विठाबाईला बोलावते. तिच्या कपाळाचा प्रश्नच नाही."

विठाबाई म्हणजे दुसरी मदतनीस. तिचा नवरा वारून वर्ष झालं होतं. मॅडमच्या स्वतःच्या कपाळावर प्लॅस्टिकची टिकली होती, तिला कसली भीती? पंचफुलाबाईंनी ओल्या कापसाचा बोळा घेतला आणि सगळ्यांदेखत कपाळ पुसलं. नोकरी गेली तर सुदाम किती दिवस जगणार, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

या वेळी शून्य आलं. टाळ्या पडल्या. "उद्यापासून असंच यायचं," मॅडम म्हणाल्या, म्हणजे नोकरी राहिली.

संध्याकाळी बाई घरात शिरल्या. कोनाड्यातल्या करंड्याशी पोचायच्या आधीच सुदामने मान वळवली. त्याची वाचा अर्धीच उरली होती, नजर मात्र शाबूत होती. तो तिच्या कपाळाकडे बघत राहिला.

"मी... हाय की गं... अजून."

"हाव की," पंचफुलाबाई म्हणाल्या, आणि त्याची भाकरी दुधात कुस्करायला बसल्या.