सातवा फोटो

"पाय वर घ्या, आत्या," मी म्हणाले, तर फुलाआत्यांनी आधी लुगडं सारखं केलं आणि मग डावा पाय पुण्याच्या त्या दवाखान्यातल्या पलंगावर ठेवला. शेफाली डॉक्टर वाकून टाचेजवळचा काळा डाग बघू लागल्या.

"हा कधीपासून आहे?"

"लई दिस झालं. सरपनाला गेल्ते तवा काटा मोडला, म्हून बिब्ब्याचा चटका दिला. त्याचाच डाग हाय."

"चटक्याचा डाग असा वाढत नाही, आजी."

आत्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं.

भोरजवळच्या आमच्या गावात मी आशाताई आहे, आरोग्य खात्यासाठी घरोघर फिरणारी, आणि फुलाआत्या माझ्या शेजारच्या. गेल्या वर्षी कातडीच्या आजारांची पाहणी निघाली तेव्हा मला एक रंगीत तक्ता मिळाला. त्यावर सहा फोटो. पाठ, गाल, दंड, सगळे गोऱ्या माणसांचे. पायाचा तळवा एकही नाही. मी तो पहिल्यांदा आत्यांच्याच ओट्यावर उघडला.

"ही मानसं कुठली गं? उन्हात गेलीच न्हाईत जनू," म्हणून आत्या हसल्या. मीही हसले. मग त्यांनी आपणहून पाय पुढे केला.

"ह्ये बग, हितं खाजतंय."

मी तक्ता पायाशेजारी धरून सहाही फोटो ताडून पाहिले. एकही जुळेना. आणि बिब्ब्याचा डाग आमच्याकडे कुणाच्या पायाला नाही? माझ्या स्वतःच्या टाचेवर आहे. मी वहीत 'काही नाही' असं लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. पुढे पाहणीच्या शिबिरातल्या डॉक्टरांनीही मलम देऊन त्यांना घरी पाठवलं. त्यांना बोल लावणं सोपं आहे, पण आत्यांनी पाय आधी मला दाखवला होता.

पुण्यात तपासण्या झाल्यावर शेफाली डॉक्टरांनी मला आणि आत्यांच्या नवऱ्याला, रामभाऊमामांना, बाहेर बोलावलं. कातडीचा कॅन्सर होता, जांघेपर्यंत गेलेला. पाऊल काढावं लागणार होतं, आणि तरीही खात्री देता येत नव्हती.

"आपल्या रंगाच्या माणसांत हा प्रकार बहुतेक तळव्यावरच निघतो," त्या म्हणाल्या. "पण मी शिकले त्या पुस्तकांतही सगळी गोरी कातडी. तळव्याचे फोटो दोन-तीनच होते."

मामा बराच वेळ पिशवीचा बंद चाळवत राहिले. "बोटं तरी ऱ्हातील का?" त्यांनी मला विचारलं, डॉक्टरांना नाही.

"न्हाई, मामा."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर कॅमेरा घेऊन आल्या. शिकणाऱ्या डॉक्टरांना दाखवायला फोटो हवा होता. नाव येणार नाही, तोंड येणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"लई जन बघतील का?" आत्यांनी विचारलं.

"हो. पुढं कित्येक वर्षं."

"मग थांबा जरा. संजे, पानी आन. भेगांत माती हाय."

मी तांब्या आणला आणि घासायला वीट नव्हती म्हणून टॉवेलच्या टोकानं टाच घासली. दुखेल म्हणून जोर लावत नव्हते.

"घास की नीट. आता कुनासाठी जपायचाय त्यो?" आत्या म्हणाल्या.

पाऊल गेलं आणि चार महिन्यांनी आत्याही गेल्या. यंदा पाहणीचा नवा तक्ता आला, तेच सहा फोटो घेऊन. मी शेफाली डॉक्टरांकडून आत्यांच्या तळव्याचा फोटो मागून आणला आणि खालच्या मोकळ्या जागेत खळीनं चिकटवला. बाया वरचे सहा नुसते बघतात. सातव्यापाशी आल्या की खाली बसून आपापले पाय उलटे करून पाहतात.

मामांच्या घरी मात्र मी तक्ता पिशवीतच ठेवायची. परवा त्यांनीच तो मागितला. चष्मा लावून त्यांनी तो गुडघ्यांवर पसरला आणि सातव्या फोटोवर हलकेच अंगठा फिरवला.

"भेगंत माती ऱ्हायलीच की गं, पोरी," मामा म्हणाले.