सीमाच्या हाताला शेक

मी शेकायची रबरी पिशवी बोलतेय. एकेकाळी लालबुंद होते हो! आता रंग उडालाय, भरलं की गळते. खुंटीवर लटकून जुने दिवस आठवत बसते, दुसरं काम तरी काय उरलंय?

परतवाड्याच्या कौशल्याबाईंनी मला लेकीसाठी आणलं. सीमा तेव्हा कॉलेजात. सकाळी तिची बोटं सुजून आखडायची. शरीराची राखण करणारी ताकदच उलटी फिरून सांध्यांवर धावते, असं डॉक्टर म्हणाले होते. माय तिची वेणी घालायची, मी तिच्या हातांवर ऊबदार बसायची आणि पोरगी अखंड बडबडायची. काय सुखाच्या सकाळी होत्या त्या!

मग नांदगाव पेठच्या कुलदीपचं स्थळ आलं. कौशल्याबाई म्हणाल्या, "दुखन्याचं तिकडं बोलू नको, पोरी. सोयरीक मोडन."

झालं! सासरी मी 'पोटदुखीची पिशवी' झाले. सीमा दार लावून हात शेकायची. मला असा राग यायचा! आजार म्हणजे काय चोरी आहे?

मूल होईना म्हणून अमरावतीच्या दवाखान्यात हार्मोनची इंजेक्शनं सुरू झाली. बीज पिकवून मोकळं करणारं शेवटचं इंजेक्शन घेतलं आणि सीमाची बोटं इतकी फुगली की माझं बूच तिला फिरवता येईना. गर्भही राहिला नाही. दुसऱ्या खेपेला तेच इंजेक्शन ठरलं. त्या दिवशी मी तिच्या बॅगेत होते.

"आधीचा काही आजार?" डॉक्टर चारुतांनी पुन्हा विचारलं.

सीमानं सोबत आलेल्या सासूकडे पाहिलं. "नाही."

अगं बोल ना, बाई! माझा जीव नुसता तळमळत होता.

"खोटं बोलून राहिली ते," सासूबाई, म्हणजे पार्बताबाई, म्हणाल्या. "सांधे सुजतात तिचे. मागच्या इंजेक्शनानंतर तं घास मोडता येत नव्हता."

"आई, तुमाले कसं समजलं?"

"पोट दुखते म्हणते अन् शेक हाताले! मले काय दिसत नाई? वाटलं, कधीतरी आपल्याच तोंडानं सांगन."

डॉक्टर म्हणाल्या, "बरं झालं बोललात. या हार्मोननं शरीराची प्रतिकारशक्तीही हलते. कोणाची शांत होते, कोणाची जास्तच बिथरते. आपण दुसरं इंजेक्शन देऊ, पण आधी सांध्यांच्या डॉक्टरांना विचारून."

यावेळी बोटं फारशी सुजली नाहीत. गर्भ राहिला की नाही, ते अजून कळायचंय. सगळे दिवस मोजतायत.

पण त्या दिवशी दवाखान्यातून घरी आल्या आल्याच पार्बताबाईंनी परतवाड्याला फोन लावला होता. "विहीनबाई, पोरीच्या हाताले शेक कसा देता तुमी? मले शिकवा."

पलीकडून बराच वेळ नुसतं रडणंच ऐकू येत होतं.

आता विजेवरची नवी पिशवी आलीय. मला खुशाल टाका. पण लेकीबाळींनो, जगापासून काय लपवायचं ते लपवा, डॉक्टरपुढं मात्र दुखणं झाकू नका.